पाइनचं जळण: चुलीला, बंबाला आणि धुराड्याला खरंच वाईट असतं का?

वखारकट्टा

सातारा, शिरवळ, कुपवाड, मिरज, जिथं एमआयडीसी आहे तिथं पाइनच्या फळ्या हल्ली जळणात यायला लागल्यात. मशिनची खोकी, पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी), सॉ मिलमधले तुकडे. सुतार त्याला पाइन म्हणतो, जुनी माणसं सरसकट 'देवदार' म्हणतात. आणि टेम्पो दारात उतरला की शेजारच्या काकू सांगायला येतातच, "ते राळेचं लाकूड, चुलीत घालू नका, घर काळं होईल."

या ऐकीव गोष्टींचा एकदा हिशोब मांडावा म्हणून धागा काढलाय. सुरुवात मी करतो, चुकलो तर दुरुस्त करा.

सगळ्यात मोठा समज असा की पाइनमध्ये राळ असते, म्हणून धुराड्यात चिकट काजळी धरते. ही काजळी राळेची नसते. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ निघते. बाभूळ, निलगिरी, आंबा, कुठलंही लाकूड घ्या, कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊनच जळतो. जाळ रसरशीत असेल तर ही वाफ तिथल्या तिथं पेटते आणि वर फारसं काही जात नाही. जाळ थंड असेल तर ती न जळता वर जाते आणि धुराडं साधारण १२० अंशांच्या खाली असलं की आतून चिकटून बसते. म्हणजे ओली बाभूळ धुमसत ठेवली तर काजळी धरणारच, आणि वाळलेलं पाइन दणकून जाळलं तर फार कमी धरेल. राळ तर उलट चांगली पेटते, टर्पेंटाइन तिच्यातूनच काढतात.

हिमाचल-उत्तराखंडात चीड हा पाइनच आहे आणि तिथल्या चुलीत तो रोज जातो. युरोपातल्या थंड देशांतही पाइन आणि स्प्रूस हे नेहमीचं जळण. तिथं बाभूळ कुठून आणणार?

दुसरा समज, पाइनमध्ये दम नाही. हे अर्धं खरं आहे. किलोला किलो लावलं तर वाळलेल्या लाकडांत फरक नगण्य, पाच-सात टक्के इकडं तिकडं. पूर्ण कोरडं लाकूड किलोला साधारण ४४०० किलोकॅलरी देतं, राळेमुळे पाइन थोडं वरच. फरक पडतो तो आकारमानात. एक घनफूट वाळलेलं पाइन साडेतेरा किलोच्या आसपास भरतं, बाभूळ बावीस-तेवीस किलो. म्हणून पाइन टेम्पोच्या मापानं घेतलं की फसलात. काट्यावर घ्या.

चिमटा_फुंकणी

वजनावर घ्या म्हणताय, पण ओलं असलं तर पाण्याचे पैसे दिले की ओ! ताज्या कापलेल्या पाइनचं अर्धं वजन पाणीच असतं.

वखारकट्टा

@चिमटा_फुंकणी बरोबर. वजनावर घ्यायचं, पण वाळलेलं. ओलंच मिळणार असेल तर भावात निम्मं तोडा, नाहीतर घेऊच नका.

ओल_मोजणी

ओलीचा विषय निघालाच आहे तर एक घोळ मिटवूया. 'वीस टक्के ओल' हा आकडा दोन प्रकारे सांगतात आणि लोक त्यावर उगाच भांडतात. दोन सुयांचा मीटर जो आकडा दाखवतो तो कोरड्या लाकडाच्या हिशोबानं असतो. जळणाच्या उष्मांकाची गणितं बहुतेक वेळा ओल्या वजनावर केलेली असतात.

उदाहरण घ्या. ओंडक्याच्या मधून कापलेली चकती २४० ग्रॅम भरली. तिच्या पातळ चिरफळ्या करून घरच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवल्या. दर दोन तासांनी वजन केलं, सलग दोनदा सारखं आलं तेव्हा थांबलो: २०० ग्रॅम. पाणी ४० ग्रॅम. कोरड्या हिशोबानं ४० भागिले २०० म्हणजे २० टक्के. ओल्या हिशोबानं ४० भागिले २४० म्हणजे १६.७ टक्के. लाकूड तेच. मीटरवर २० किंवा खाली आलं की जाळायला योग्य.

मीटरनं मोजताना ओंडका आधी फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचायच्या. वरच्या सालीवर १२ दाखवणारं लाकूड आत ३० असू शकतं.

आणि ती साबणाच्या फेसाची चाचणी पाइनला लावू नका. एका टोकाला साबण लावून दुसऱ्या टोकातून फुंकायचं, बुडबुडे आले की वाळलं, असं सांगतात. काही रुंदपर्णी लाकडांत लांब नळ्या असतात, तिथं हवा आरपार जाते. पाइनमध्ये तशा नळ्याच नसतात, आखूड बंद पेशी असतात. लाकूड कितीही वाळलेलं असो, बुडबुडा येणार नाही. त्यापेक्षा दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटण वाजलं तर वाळलंय, बद्द वाजलं तर ओलं.

खंबाटकी

एक शंका. ओल्या लाकडाची निम्मी उष्णता पाणी आटवण्यातच जाते असं सगळे म्हणतात. खरं का?

ओल_मोजणी

@खंबाटकी नाही. एक किलो ओलं लाकूड, त्यात अर्धा किलो पाणी. ते २५ अंशांवरून उकळीला आणून वाफ करायला साधारण ३०० किलोकॅलरी लागतात. उरलेल्या अर्ध्या किलो लाकडात २२०० आहेत. म्हणजे चौदा टक्क्यांच्या आसपास. खरं नुकसान दोन जागी होतं. एक, किलोचे पैसे देऊन लाकूड अर्धाच किलो मिळालं. दुसरं आणि मोठं, वाफेमुळे जाळ थंड पडतो, मग वायू न जळता वर जातो. ती उष्णता धूर होऊन घराबाहेर गेली. काजळी ही त्याचीच पावती.

तांब्याचा_बंब

बंबाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि पाइनला खरी शिवी बंबवाल्यांकडूनच पडते.

बंबाची रचना आठवा. मधे उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. जाळातून निघालेला धूर त्या नळीतून वर जातो आणि नळीच्या भिंतीला बाहेरून पाणी लागलेलं. भिंत शंभर अंशांच्या फारशी वर जाऊच शकत नाही, आणि पहाटे पेटवता तेव्हा ती २०-२५ अंशांवर असते. म्हणजे वर वखारकट्टा जो १२० चा आकडा म्हणाले, त्याच्या खाली ती कायमच. बंबाच्या नळीत प्रत्येक लाकूड डांबर सोडणार, पाइन असो की बाभूळ. दोष लाकडाचा कमी, यंत्राचा जास्त. पाइन ओलं असलं किंवा नळीत गच्च भरलं तर मात्र दुप्पट.

यातून आणखी एक गैरसमज होतो, "पाइन जाळल्यापासून बंब गळायला लागला." पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जाळीवर तपकिरी पाणी ठिबकतं. लाकडातल्या पाण्याची आणि जळताना तयार होणाऱ्या पाण्याची वाफ थंड भिंतीवर धरते, ते हे पाणी. ओळखायचं कसं? पाणी चांगलं कडत झालं की ठिबकणं थांबतं. खरी गळती असेल तर ती थांबत नाही आणि जाळ विझल्यावरही थेंब पडत राहतात, तेही स्वच्छ पाण्याचे. पहिलं असेल तर निवांत राहा. दुसरं असेल तर तांबटाकडे न्या, डाक लावून घ्या.

पाइन बंबात वापरायची रीत:

आधी पाणी पूर्ण भरा. रिकामा किंवा अर्धा बंब पेटवला की डाक सुटतो, मग ते लाकूड कुठलंही असो. जाळीवरची राख झाडून काढा, खालून हवा लागली पाहिजे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या आठ-दहा ढलप्या उभ्या आडव्या रचून पेटवा, नळीवरचं झाकण काढलेलं असू द्या. इथं पाइनसारखं दुसरं लाकूड नाही, एका काडीत पेट घेतं, रॉकेलची गरज नाही. जाळ नळीत वर चढला की मनगटाएवढे एक-दोन तुकडे बाभळीचे किंवा सुबाभळीचे. पाइनच घालायचं तर दोनच तुकडे, ते अर्धे जळाले की पुढचे दोन.

किती लागतं? २० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ७०० किलोकॅलरी. बंबाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर २००० किलोकॅलरीचं लाकूड, म्हणजे १५ टक्के ओलीचं अर्धा किलोच्या थोडं वर. बादलीभर पाण्याला दोन किलो लाकूड जात असेल तर लाकडाला नावं ठेवू नका, नळी आतून बघा.

आठवड्यातून एकदा, बंब थंड आणि नळी कोरडी असताना, तारेच्या गोल ब्रशनं वरून खाली घासा. ब्रश मागं-पुढं फिरवू नका, काजळी वर उडते. चिकट थर असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून काठीला गुंडाळलेल्या फडक्यानं पुसा, तासभर राहू द्या, मग ब्रश. छिन्नी किंवा सुरी लावायची नाही. तांबं मऊ असतं, ओरखडा खोल जातो.

भाकरतुकडा

चुलीवर मात्र पाइन नको असंच मी म्हणेन, आणि त्याला कारण राळ नाही, इंगळ आहे. भाकरी तव्यावर एका बाजूनं होते, मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्यासमोर उभी करून शेकतात, तेव्हा ती फुगते. पाइनचा जाळ लांब आणि झटपट, निखारा मात्र मूठभर, तोही पाच-सात मिनिटांत राख. जाळासमोर धरलेल्या भाकरीला काजळी लागते आणि ती फुगत पण नाही.

वैलावर दूध आटवायचं असेल, आमटी मंद ठेवायची असेल, तिथं पण तेच. बाभूळ, बोर, चिंच यांचे निखारे टिकतात. चहा, कांदेपोहे, अंघोळीचं पाणी, जिथं भक्कन जाळ हवा आणि लवकर उरकायचंय, तिथं पाइन आणि तुराट्या एकाच मापाच्या.

वांगं भाजायला तर अजिबात नको. जाळावर थेट धरलेल्या पदार्थाला राळेच्या धुराची कडू चव येते. झाकलेल्या पातेल्यातल्या जेवणाला चव लागते हा मात्र भ्रम. पातेल्याचं बूड काळं होतं, बस्स. बुडाला आधी राखेचा किंवा मातीचा पातळ लेप दिला की घासायला सोपं.

चिमटा_फुंकणी

@भाकरतुकडा पाइननं पातेलं लई काळं होतं हे तरी मान्य करा की! बाभळीनं एवढं होत नाही.

भट्टीभाता

होतं ना. पण का होतं ते बघा, त्यातच उपाय आहे.

पॅलेटची फळी पाऊण इंच जाड आणि बऱ्याचदा खडखडीत वाळलेली. तिच्या चार-पाच चिरफळ्या एकदम चुलीत कोंबल्या की सगळ्या एकदम वायू सोडतात. चुलीच्या तोंडातून तेवढ्याला पुरेल एवढी हवा येत नाही. जाळ पिवळा, लांब, टोकाला काळा धूर, तवा काळा. हा ओल्या लाकडाचा पांढरा धूर नव्हे, उलटा दोष आहे: लाकूड जास्त वाळलं, जास्त बारीक, आणि हवा कमी. म्हणजे पाइन ओलं असलं तरी धूर, खूप सुकं-बारीक असलं तरी धूर. लोक दुसरा धूर बघून म्हणतात 'राळ जळतेय'.

उपाय सोपा आहे. फळ्या फोडू नका, आख्ख्या पट्ट्या ठेवा, दोनच, टोकं चुलीत आणि जळेल तसं आत सरकवा. दोन पट्ट्यांत बोटभर फट. जमत असेल तर चुलीत तळाला लोखंडी जाळी बसवा, तीन बोटं उंच, म्हणजे खालून हवा मिळते. तवा किंवा पातेलं जाळाच्या टोकावर यावं, जाळाच्या पोटात नको. चुलीच्या खुरांची उंची कमी असेल तर पाइनचा लांब जाळ थंड बुडाला आपटून विझतो आणि तिथंच काजळी बनते. बाभळीचा जाळ आखूड, म्हणून त्याच चुलीत तो स्वच्छ वाटतो.

भुशाच्या शेगडीत पाइनचा भुसा चालतो, पण कोरडा हवा आणि मधलं भोक सरळ हवं. प्लायवूड-एमडीएफ कापलेल्या मशिनखालचा भुसा घेऊ नका. त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो.

खंबाटकी

पॅलेटवरच्या शिक्क्यांबद्दल कुणी सांगेल का? काहींवर एचटी असतं, काहींवर एमबी. आणि काही फळ्या निळसर आहेत, ते केमिकल ना?

वखारकट्टा

@खंबाटकी एकेक घेऊ.

परदेशातून माल ज्या लाकडी खोक्यात येतो त्या लाकडातली कीड मारलेली असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५, २००२ सालचा. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि उपचाराची दोन अक्षरं असतात. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं तापवलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिला. हा विषारी वायू आहे, अशी फळी घरात जाळू नका, बाजूला काढा.

इथं लोक हमखास गंडतात: एचटी म्हणजे वाळलेलं नव्हे! ५६ अंशांवर अर्धा तास ठेवल्यानं कीड मरते, पाणी जात नाही. एचटी शिक्क्याचं पॅलेट आत ३० टक्के ओलं असू शकतं. शिक्क्यात केडी असेल तर भट्टीत वाळवलेलं, पण तेही पावसात वखारीच्या अंगणात पडून असेल तर पुन्हा ओल धरतं.

निळसर डाग हे बहुतेक वेळा बुरशीचे. कापल्यावर लवकर वाळवलं नाही की पाइनच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात बुरशी धरते. फळीचं टोक बघा: डाग पाचरीसारखा, बाहेर रुंद आणि गाभ्याकडे निमुळता होत गेलेला असेल तर ती बुरशी. जाळायला काही हरकत नाही.

घाबरायचं ते हिरव्या झाकेला. टोकाला चहूबाजूंनी हिरवट कडा आणि मधे लाकडाचा मूळ रंग असेल तर ते तांबं-क्रोम-आर्सेनिकचं द्रावण दाबानं आत भरलेलं लाकूड. बागेतली बाकं, कुंपणाचे खांब, कूलिंग टॉवरच्या फळ्या यात सापडतं. जाळलं की काही आर्सेनिक धुरात जातं, उरलेलं राखेत. हे चुलीत नको, बंबात नको, शेकोटीत पण नको.

आणि शिक्का नसलेलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. पॅलेटवर काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही. तेलकट, रंग लागलेली, उग्र वासाची फळी सरळ बाजूला टाका. एमआयडीसीच्या मालात खरा धोका पाइनपेक्षा याचाच.

कृष्णाकाठ_मिरज

थोडं अवांतर, पण आपल्याकडे अर्धे लोक सुरूला पाइन म्हणतात. शेताच्या बांधावर उंच सरळ वाढतो, सुयांसारखी पानं, बारीक बोंडं. सुरू पाइन नाही, त्या कुळातला पण नाही. त्यात राळ नाही, लाकूड बाभळीच्या तोडीस तोड जड, निखारा उत्तम. म्हणून "आमच्याकडं पाइन आहे, एकदम भारी जळतंय" म्हणणारा बहुतेक वेळा सुरू जाळत असतो. बंगल्यासमोरचं थरांथरांचं 'ख्रिसमस ट्री' पण खरा पाइन नव्हे. आणि पाचगणीचा सिल्व्हर ओकही ओक नाही हो!

डोंगरमाथा

महाबळेश्वर-पाचगणीकडच्या बंगल्यांत भिंतीतली फायरप्लेस असते, तिच्याबद्दल सांगतो, कारण तिथं पाइनचा एक दोष खरा आहे. पाइन तडतडतं. गाठींत आणि राळेच्या पोकळ्यांत अडकलेली राळ आणि पाणी तापून फुगतं आणि फुटतं, पेटलेला कण चार-पाच फूट उडू शकतो. वाळवल्यानं हे कमी होतं, बंद होत नाही, कारण वाळताना टर्पेंटाइनचा काही भाग उडतो, घट्ट राळ तशीच राहते. उघड्या फायरप्लेसपुढे तारेची जाळी हवीच, आणि गालिचा-सतरंजी सहा फूट लांब. गाठाळ तुकडे आत जाळायचेच नाहीत, बाहेरच्या शेकोटीला ठेवा.

खालच्या भागात चूल अंगणात असते, तिथं हाच कण कडब्याच्या गंजीत नाहीतर उसाच्या पाचटात जातो. वारा सुटला असेल तर पाइन नकोच.

वाळवण्याबद्दल: जत, आटपाडीकडं उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की तीन-चार इंच जाडीचं फोडलेलं पाइन मार्च ते मे तीन महिन्यांत जाळण्याजोगं होतं. बाभळीला त्याच जागी पूर्ण वर्ष द्यावं लागतं. महाबळेश्वरात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडमधलं वाळलेलं लाकूडही हवेतली ओल ओढून पुन्हा विशीच्या आसपास येतं. तिथं जूनच्या आधी लाकूड बंद खोलीत न्यायचं आणि आठवड्याचं जळण चुलीच्या खोलीत ठेवायचं.

रचताना खाली दोन विटा, त्यावर आडव्या दांड्या, जमिनीला लाकूड टेकता कामा नये. साल वर. झाकण फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. प्लास्टिकनं चहूबाजूंनी गुंडाळून ठेवलेली रास आतून घामेजते आणि कुजते, हे दर पावसाळ्यात बघायला मिळतं.

चिमटा_फुंकणी

धुराडं किती दिवसांनी साफ करायचं? आणि आतून पेटलं तर काय? आमच्या गल्लीत सांगतात मूठभर मीठ चुलीत टाका, चिमणी आपोआप साफ होते.

भट्टीभाता

मिठानं साफ होत नाही, पत्र्याचा पाइप मात्र लवकर गंजतो.

महिन्यातून एकदा पाइपच्या कोपराच्या जोडातून आत बघा. थर ३ मिलिमीटर झाला की काढायचाच. भुकटीसारखी काजळी ब्रशनं निघते. कोळशाच्या पापुद्र्यासारखी असेल तर जोर लावून निघते. काचेसारखा काळा चकचकीत थर धरला असेल तर ब्रश नुसता घसरतो, तो पाइप बदला. असा थर म्हणजे महिनोन्महिने धुमसत ठेवलेल्या जाळाचा पुरावा, लाकूड कुठलंही असो. झोपताना ओंडका घालून हवा बंद करायची सवय याच्या मुळाशी असते.

पाइपमध्ये जाळ लागला की घरघर असा मोठा आवाज येतो, पाइप लाल दिसतो. चुलीचं किंवा शेगडीचं तोंड पत्र्यानं बंद करा, हवा तोडा. पाइपमध्ये पाणी ओतू नका, तापलेला पाइप फाटतो आणि वाफ अंगावर येते. माणसं बाहेर काढा, १०१ फिरवा. जवळची लाकडी तुळई, आढं, कौलांखालच्या पट्ट्या नंतर दोन तास तपासत राहा, आग आत लपून राहते.

पाइप निवडताना शेगडीला लागून असलेला पहिला तीन-चार फुटांचा भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्याची वाफ छातीला वाईट. तिथं साधा काळा पोलादी पाइप वापरा. सिमेंटचा पाइप जाळाजवळ तडकतो. वाकणं दोनपेक्षा जास्त नकोत, आणि टोक कौलाच्या वर किमान तीन फूट.

भाकरतुकडा

शेवटचं विचारते, राखेचं काय? पाइनची राख भांड्यांना चालते का? कडधान्याला चोळून ठेवली तर?

वखारकट्टा

@भाकरतुकडा ताई, स्वच्छ पाइनची राख चालते, पण मिळते फार थोडी. साल नसलेलं पाइन शंभर किलो जाळलं तर अर्ध्या किलोच्या आसपास, बाभळीची त्याच्या दुप्पट-तिप्पट. पॅलेटची राख मात्र भांड्यांना लावू नका, कडधान्याला तर नकोच, आणि परसातल्या भाजीलाही टाकू नका. दहा फळ्यांत एखादी हिरव्या झाकेची गेली असेल तर ते आर्सेनिक राखेतच बसलेलं असतं, आणि राख बघून ते ओळखू येत नाही. भांड्यांची राख वेगळ्या डब्यात, पॅलेटची वेगळ्या डब्यात, आणि ती दुसरी कचऱ्यात.

तांब्याचा_बंब

आणि त्या राखेतले खिळे! पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, फळी फोडताना निघत नाहीत, जाळल्यावर जाळीच्या फटीत अडकतात आणि हवा बंद करतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गार राखेतून फिरवायचं, फडकं उलटं केलं की खिळे सुटतात.

चिमटा_फुंकणी

हे बरं सांगितलंत. डबाभर साठले की भंगारवाला किलोवर घेऊन जाईल.